दुपारचे ते दोन-तीन तास

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

पुढच्या महिन्यापासून शाळा सुटल्यावर नात तुमच्याजवळ असणार, म्हणून बाबांनी फोनवर विचारलं होतं, "तिचं काय काय करून घ्यायचं ते नीट लिहून कळव." फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं. तुम्ही दोघं ते वाचून आपसात बोलाल, आणि मला तेच हवं आहे.

आधी एकच विनंती. शाळेत न झालेला पुढचा धडा घरी घेऊ नका. पहिलीतला अभ्यास आपल्याला चुटकीसरशी होण्यासारखा वाटतो, कारण तो आपण कधी शिकलो हेच आठवत नाही. तिला मात्र त्यातली प्रत्येक पायरी चढावी लागते.

वाचनाचंच घ्या. 'दिवा' या शब्दात पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडून नंतर निघते. पुढे 'सूर्य' येईल, तेव्हा रफार बसलेला असेल य च्या डोक्यावर आणि म्हणायचा असेल य च्या आधी. एकटा र पाहा, 'प्रकाश'मध्ये वेगळा, 'ट्रक'मध्ये वेगळा, 'वाऱ्यावर'मध्ये आणखी वेगळा. म्हणून ती एखाद्या शब्दाशी थांबली तर तिला थांबू द्या. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. तरी जमलं नाही तर अक्षराखाली बोट ठेवून तिच्याबरोबर एकेक आवाज म्हणा आणि मग ते आवाज जोडून शब्द तिला म्हणू द्या. आई, तुझ्याने राहवणार नाही, तू पटकन शब्द सांगून मोकळी होशील. तेवढं टाळ. आणि चित्र बघून अंदाज करायला सांगू नका. अंदाज लागला तर शब्द वाचायचा राहूनच जातो.

पण आई, तुझं खरं काम याहून मोठं आहे. गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ साली वाचनाबद्दल एक सूत्र मांडलं. लिहिलेला शब्द उलगडता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. त्यातलं एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच. शाळेचा बराच वेळ यातल्या पहिल्या गोष्टीत जातो आणि जायलाच हवा. दुसरी गोष्ट वाढते ती घरातल्या बोलण्यातून, आणि ते तुझ्याइतकं कोणाकडे आहे? तिला गोष्टी सांग, पुस्तकं वाचून दाखव. अवघड शब्द गाळू नकोस, तो वापर आणि लगेच सोपा करून सांग. मध्येच थांबून "आता हा काय करेल गं?" असं विचार. तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तर दहाव्यांदा सांग. दर खेपेला तिला त्यात काहीतरी नवं कळत असतं. रोज थोडा वेळ एवढंच झालं आणि दुसरं काही झालं नाही, तरी मला चालेल.

आता गणित. बाबा, हा भाग तुमच्यासाठी.

शंभरपर्यंतच्या संख्या लिहिताना ती उलटसुलट करते, ते निष्काळजीपणाने नव्हे. 'त्रेपन्न' म्हटलं की कानावर आधी तीन पडतात आणि मग पन्नास, लिहायचे मात्र आधी पाच. म्हणून ती ३५ लिहून मोकळी होते. 'एकोणतीस'मध्ये तिला तीस ऐकू येतात, मग २९ च्या जागी ३९ उमटतात. शिवाय ३ आणि ६ ही एकमेकांची आरशातली रूपं वाटावीत अशी, त्यामुळे तीही बदलतात. या वयात आकडे-अक्षरं उलटी काढणं अगदी सर्रास असतं, त्याची धास्ती घेऊ नका. खोडून पुन्हा दहा वेळा लिहायला लावण्यापेक्षा दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधा. त्रेपन्न म्हणजे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या, हे तिच्या हातांना कळू द्या. मग आकडा तिचा तिला लिहिता येईल.

एक गंमत करून बघा. गुंड्यांच्या दोन सारख्या रांगा लावा आणि तिच्यासमोरच एक रांग लांबवा. कदाचित ती म्हणेल, लांब रांगेत गुंड्या जास्त आहेत. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या विचारातली ही गोष्ट दाखवून दिली होती. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास मुलं त्यातून बाहेर येतात. तिच्याशी वाद घालू नका. एकीसमोर एक गुंडी ठेवायला सांगा आणि गप्प बसा.

पाढे हवेतच, त्यात माझं दुमत नाही. फक्त 'तीन चोक बारा' म्हणताना तीन-तीन गुंड्यांच्या चार रांगा तिने स्वतः मांडलेल्या असाव्यात. पाठांतर त्यानंतर, रोज थोडं, तुमच्या त्या ठेक्यात. पुढच्या वर्षी हातच्याची वजाबाकी येईल. ४२ मधून १७ घालवताना तुम्ही सांगाल, दोनातून सात जात नाहीत, हातचा घे. वर्गात कदाचित एक गठ्ठा सोडून तीन गठ्ठे आणि बारा सुट्या करतील. उत्तर दोन्हीकडे पंचवीसच, पण एकाच वेळी दोन रीती कानावर पडल्या की या वयाचं मूल गोंधळतं. आधी तिलाच विचारा, "बाई कसं करतात? मला दाखव बरं." तुम्हाला शिकवायला मिळालं की तिची मान ताठ होईल, आणि तिला कुठवर समजलंय ते तुम्हालाही कळेल.

कौतुक भरपूर करा, पण 'हुशार आहेस' असं म्हणण्याऐवजी तिने काय केलं ते बोला. "अडलीस तरी सोडलं नाहीस", "दुसऱ्या रीतीने करून पाहिलंस". म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांच्या हुशारीची स्तुती झाली, ती मुलं पुढे अवघड कोडी टाळू लागली, अपयश आल्यावर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं चिकाटीने सोडवत राहिली. आपली नात त्यांच्याहून लहान आहे, तरी मला हे तिच्यासाठीही पटतं. आणि कृपा करून तिच्या भावंडांशी तुलना नको, प्रेमाने केलेलीसुद्धा.

अक्षर सुधारायला जास्त पानं लिहून घेऊ नका. माती मळणं, मणी ओवणं, कात्रीने कापणं यांतून बोटांत ताकद येते. पेन्सिल त्यानंतरच नीट धरली जाते. गृहपाठ पंधरा-वीस मिनिटांत आटोपला नाही तर वही मिटा आणि मला सांगा, बाईंशी मी बोलेन. शाळेतून आल्या आल्या तर वही काढूच नका, तिला आधी खेळू द्या. झोपेचंही तसंच. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते. तेव्हा अंक पाठ व्हायचे राहिले तरी तिला जागवू नका.

आणखी एक काम तुमच्यावर सोपवते, कारण निवांत बघणारी माणसं आता तुम्हीच असणार. पुस्तक फार जवळ धरते का, डोळे बारीक करते का, मागून हाक मारली तर ऐकू येतं का, हे लक्षात ठेवा. यातलं काहीही वारंवार दिसलं तर त्याच दिवशी मला फोन करा. शाळेत मागे पडल्यासारखी वाटणारी मुलं कधीकधी फक्त फळा दिसत नसल्यामुळे अडलेली असतात, आणि तपासणीसाठी मी लगेच वेळ काढेन.

तुमची,
लेक