सूचना: टिग (TIG) वेल्डिंग टॉर्चचे टंगस्टन रॉड आणि त्यांची धार

सर्व सभासदांसाठी,

लाल पट्टीचे (2% थोरियम) टंगस्टन रॉड संपले की पुन्हा मागवणार नाही. धार लावताना उडणारी त्यांची धूळ किरणोत्सर्गी असते, श्वासात जाता कामा नये. स्टील, स्टेनलेस आणि इन्व्हर्टर मशीनवरचे अॅल्युमिनियम, सगळ्याला निळ्या पट्टीचा (2% लँथेनम) रॉड चालतो. 100 अँपिअरच्या आसपास 1.6 मिमी व्यासाचा घ्या, 200 जवळ 2.4 मिमी. कॉलेटही (टॉर्चमध्ये रॉड पकडणारी नळी) त्याच मापाचे हवे.

धार लावताना रॉड चाकाला आडवा धरू नका. ओरखडे लांबीच्या दिशेनेच पडले पाहिजेत, आडवे पडले की आर्क (टोक आणि जोड यांमधली विजेची ज्योत) भटकतो. निमुळता भाग व्यासाच्या दोन ते अडीच पट ठेवा, म्हणजे 2.4 ला साधारण 5 ते 6 मिमी. सुईसारखे टोक वितळून जोडात पडते, म्हणून ते किंचित बोथट करा. रॉड हाताने गोल फिरवत राहा. ड्रिलमध्ये धरला तर उत्तमच.

टंगस्टनसाठी वेगळे डायमंड चाक ठेवले आहे. त्यावर लोखंड घासू नका (हे कितव्यांदा सांगतोय!). चष्मा, मास्क आणि धूळ ओढणारा पंखा हवाच.

टोक जोडाला टेकले तर तिथेच थांबा, खराब भाग मोडून पुन्हा धार लावा. टंगस्टनचे टोक काळे-निळे पडत असेल तर आर्गॉन (टोकाला हवेपासून वाचवणारा वायू) लवकर बंद होतोय. पोस्ट-फ्लो (आर्क विझल्यावर वायू चालू राहण्याचा वेळ) वाढवा.