दोन दिवस कोरे ठेवायला लावणाऱ्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

तुमच्या घरी येऊन आभार मानले असते, तर तुम्ही "चहा घे अन् गप बस" म्हणाले असते. म्हणून लिहून काढतोय. नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. दुसरं कारण असं की, हिमाचलातल्या स्पितीहून परत आल्यापासून गावातली अन् सासुरवाडीकडची मिळून पाच-सहा जणं "तुमचा प्लॅन पाठवा" म्हणून मागे लागली आहेत. प्लॅन माझा नव्हताच, हे त्यांनाही कळलं पाहिजे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पेरणी आटोपल्यावर, मी वहीचं पान घेऊन तुमच्या ओसरीवर आलो होतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे घाई होती. पानावर लिहिलं होतं : दिल्ली, मनाली, तिथून एका दिवसात चंद्रताल, मुक्काम, दुसऱ्या दिवशी काझा. सगळं व्हिडिओ पाहून ठरवलेलं. चंद्रतालचं निळं पाणी तुमच्या सूनबाईनं मोबाइलच्या पहिल्याच पडद्यावर लावून ठेवलं होतं. तुम्ही पान वाचलंत, घडी घातलीत आणि विचारलंत, "पेरनी कवा झाली?"

मला वाटलं, म्हातारा विषय टाळतोय. मी म्हटलं, २२ जून. तुम्ही बोटांवर मोजलंत. "सोयाबीन पंच्यान्नव-शंभर दिवसाचं. सप्टेंबरच्या शेवटी कापाले येते. म्हंजे पंचवीसच्या आत घरी. पोळा झाला, म्हालक्ष्म्या झाल्या की निंघ." सहलीच्या तारखा सोयाबीनच्या दिवसांवरून काढायच्या, हे कुठल्या व्हिडिओत नव्हतं. आणि तारखा निघाल्या त्या तिकडच्या हवेलाही चपखल बसल्या. सप्टेंबर अर्धा सरला की हिमालयातला पाऊस ओसरायला लागतो, आभाळ धुऊन निघतं, आणि पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फ पडून मनाली-काझा वाटेवरची कुंझुमची खिंड बंद झाली की ती थेट मे-जूनलाच उघडते. मधली ही तीन-चार आठवड्यांची फट. आपल्याकडेही कामाची फट तीच. एरवी शेतकऱ्याला सुट्टी असते कुठं?

मग तुम्ही ते दाण्यांचं केलंत. त्याची आठवण काढून आम्ही दोघं अजून हसतो. पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं लालभडक बियाणं कोपऱ्यातल्या पिशवीत होतं. तुम्ही मूठभर काढलंत. एक दाणा म्हणजे १०० मीटर उंची. पऱ्हाटीची काडी आडवी ठेवून रस्ता केलात आणि काडीच्या कडेनं ढिगल्या मांडत गेलात : आपलं गाव तीन दाणे, शिमला बावीस, कल्पा तीसला थोडी कमी, ताबो तेहेतीस, काझा छत्तीस-सदतीस. दुसरी काडी माझ्या प्लॅनची : मनाली वीस आणि लगेच चंद्रताल, त्रेचाळीस. "एका दिवसात तेवीस दाने चढशीन अन् तिथंच झोपशीन? हे फिरनं नोय लेका, हे आंग म्होरं पाठवनं अन् जीव मांगं ठेवनं होय." तीस दाण्यांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाच दाण्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, दिवसा वर जाऊन आलं तर चालतं, पण झोपायला खाली यायचं. एवढं समजावून झालं अन् तुम्ही ओरडलात, "हात धून घे, औषधी लागली हाय."

ग्रेफमध्ये, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या दलात, डोझर चालवण्यात तुमची उमर गेली. सीमा सडक संघटनेच्या 'दीपक' प्रकल्पात सुमदो ते काझाच्या रस्त्यावर दरड पडली की उपसायची, पुन्हा पडली की पुन्हा उपसायची. गावात मात्र "काकाजी मिल्ट्रीत होते" एवढंच माहीत. मीही त्यातलाच. तुमच्याशी इतकी वर्षं बोललो ते फक्त वखर, बोअर अन् गुडघ्यांबद्दल.

खरं सांगू? त्या दिवशी मी रागातच घरी गेलो. चंद्रताल खोडलंत. मनालीकडून जायचं खोडलंत. शिमल्याकडून जा आणि त्याच रस्त्यानं परत ये, म्हणालात. वरून दोन दिवस कोरे ठेवायला लावलेत. "त्या दिवशी काय करायचं?" "काईच नाही. ते रस्त्याचे दिवस." पंधरा दिवसांची सहल, त्यातले दोन दिवस फुकट घालवायचे? आमच्यासारख्यांना इतके दिवस घरदार सोडून निघणं आयुष्यात किती वेळा जमणार? सूनबाईनं मोबाइलवरचा फोटो मात्र बदलला नाही.

तुमचं म्हणणं मानलं ते दवाखान्यातल्या एका प्रश्नामुळे. उंचीवर त्रास होऊ नये म्हणून एक गोळी घेतात, ती आधी डॉक्टरला विचारूनच घ्या, असं तुम्ही बजावलं होतं. मेडिकलवाल्यानं तर गोळ्यांचा पत्ता काढून काउंटरवर ठेवलाच होता. तरी आम्ही ग्रामीण रुग्णालयात गेलो. डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला : सल्फाच्या औषधाची कधी अॅलर्जी आली होती का? आली होती. मोठी मुलगी पोटात यायच्या आधी हिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, ते मी पार विसरून गेलो होतो. ती गोळी सल्फाच्याच जातकुळीतली. "मग गोळी नको. सावकाश चढा, हेच औषध," मॅडम म्हणाल्या. म्हणजे तुमची ढिगलीच! त्या रात्री मी माझं वहीचं पान फाडलं.

घरी परवानगी काढणं वेगळंच. आपल्याकडे माणूस गावाबाहेर निघाला की लोक विचारतात, "कोन्त्या देवाले?" शेगाव, पंढरपूर, तिरुपती, यातलं एखादं नाव हातात असलं की पुढचे प्रश्न बंद होतात. स्पितीला कोणता देव सांगावा? त्यात पितृपक्ष. आई म्हणाली, "पितरपाटात कोनी घर सोडते का?" तुम्ही निरोप धाडलात : "आईले सांग, किन्नर कैलासले चाललो." आणि ते खोटंही नव्हतं. कल्प्याला पहाटे गच्चीवर उभं राहिलं की समोरच्या डोंगररांगेत तो उभा सुळका दिसतो, तिकडची माणसं त्याला शिवलिंगच मानतात. आईनं कापराच्या वड्या दिल्या. आम्ही त्या गच्चीवर लावायला गेलो, तर वाऱ्यानं काडी पेटू देईना.

स्वेटरचं ऐका. ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या बाजारात रेनकोट मिळतो, ताडपत्री मिळते, स्वेटर मागितला की दुकानदार आपल्याला ताप तर नाही ना म्हणून पाहतो. तिबेटी लोकांची दुकानं लागतात थंडीत. तुम्ही म्हणालात, गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ त्यांची नॉर्गेलिंग वसाहत आहे, १९७२ पासूनची, तिकडे कोणी ओळखीचं असेल तर पाहा. मग तुम्हीच ट्रंक उघडलीत आणि डांबरगोळ्यांच्या वासाचा तो जाड कोट काढून दिलात. बाह्या माझ्या बोटांच्या खाली येतात. सगळ्या फोटोंत मी तुमचा कोट घालून उभा आहे, आणि सूनबाई म्हणते, फोटोत कोटच जास्त दिसतो.

सेवाग्रामहून जी.टी. एक्स्प्रेस, दिल्लीहून रात्रीची कालका गाडी, पहाटे तिथून शिमल्याची छोटी गाडी. ९६ किलोमीटरचा तो रूळ १९०३ पासून चालतोय. शिमल्याहून दिवसभर बसनं किन्नौर जिल्ह्यातलं पिओ, तिथून वर कल्पा, दोन रात्री. पुढे पिओहून पहाटेची काझ्याची बस. खाबला सतलज अन् स्पिती नद्या एकमेकींना मिळतात, तिथून झाडं संपतात आणि डोंगर उघडे होत जातात. मी खिडकीशी होतो. रस्त्याच्या कडेला पिवळ्या यंत्रांजवळ तोंडाला फडकी बांधलेली माणसं बसली होती. बस जाईपर्यंत त्यांनी काम थांबवलं, मागच्या आरशात पाहिलं तर पुन्हा सुरू. आधी व्हिडिओत हा रस्ता कितीदा तरी पाहिला होता. ही माणसं एकदाही दिसली नव्हती.

नाकोला ३,६०० मीटरवर बस थांबली, तेव्हा सूनबाईनं पिशवीतला चिवड्याचा पुडा वर काढला. तो फुगून नगाऱ्यासारखा टम्म झाला होता. तुम्ही सांगितलं होतं, बाहेरची हवा पातळ झाली की पुड्यातली हवा फुगते. ती म्हणाली, "आपल्या डोक्यातबी असंच होत असंन." जेवलो अन् तिथं न झोपता खाली ताबोला उतरलो, तुमच्या हिशोबाप्रमाणे.

ताबोला दोन रात्री. तिथला मठ सन ९९६ मधला. मातीचा, काकाजी! हजार वर्षांच्या मातीच्या भिंती. आपल्याकडे दरवर्षी पावसाळ्यात मागची भिंत बसते, अन् दिवाळीआधी पांढऱ्या मातीनं ती लिंपायची. तिकडे डोंगराआड पाऊस पोचतच नाही फारसा, म्हणून माती टिकली. आत फोटो काढू देत नाहीत, अंधार असतो. डोळे सरावले की भिंतीवरची चित्रं हळूहळू बाहेर येतात. बाहेर बार्लीच्या पेंढ्या घराच्या छपरांवर वाळत होत्या, आणि ओढ्याकाठची झाडं नुकतीच पिवळी पडायला लागली होती. एका म्हाताऱ्या बाईनं खुणेनंच विचारलं, शेती आहे का. मी तळहातावर सोयाबीनचा दाणा काढून दाखवला. तुमच्या ओसरीवरचा एक खिशात राहून गेला होता.

काझ्याची पहिली रात्र. हवेचा दाब आपल्या गावाच्या दोन-तृतीयांश. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही. रात्री अकराला सूनबाई उठून बसली. डोकं दुखतंय, मळमळतंय. मला घाम फुटला. मग तुमचं आठवलं : डोकं दुखणं चालतं, बसल्या जागी दम लागला किंवा चाल बिघडली तर थांबायचं नाही, खाली उतरायचं. "एका रेषेत चालवून पाह्यजो, टाचेले पंजा लावून." खोलीबाहेरच्या फरशीवर मी मोबाइलचा उजेड धरला आणि ती शाल गुंडाळून एकेक पाऊल टाकत गेली. दहा पावलं. वळली. दहा पावलं परत. अजिबात झोक गेला नाही. उलट वळताना म्हणाली, "लग्नातल्या सप्तपदीतबी एवढं नीट चालली नसंन मी." पाणी पिऊन झोपलो. सकाळी डोकं उतरलं होतं. तो दिवस आम्ही काझ्यातच बसून काढला, आणि दुसऱ्या दिवशी लांगझा, हिक्किम, कोमिक करून संध्याकाळी पुन्हा खाली.

लांगझ्याला दगडात शंख सापडतात, जुन्या समुद्रातले. पाहिले, उचलले नाहीत. हिक्किमला पोस्ट ऑफिस आहे, १९८३ पासूनचं, ४,४०० मीटरवर. तिथून तुम्हाला कार्ड टाकलं. आम्ही घरी पोचलो तरी ते वाटेतच आहे. मिळालं की कळवा.

तुमची एक गोष्ट मात्र चुकली. "तिकडे खायले काई भेटत नाही" म्हणून तुम्ही चार किलो दशम्या, चटण्या न्यायला लावल्या. काकाजी, तुमचा जमाना गेला. काझ्यात मोमो, मॅगी, छोले-भटुरे, सगळं आहे. दशम्या दगड झाल्या. शेवटी त्या ताकदीनं मोडून चहात बुडवून खाल्ल्या. पैसे रोख न्या म्हणालात ते मात्र बरोबर. एटीएमसमोर उभं राहून आम्ही फक्त त्याचा फोटो काढला.

परत येताना किन्नौरात दरड पडली. सात तास गाड्यांची रांग. रात्री अलीकडच्याच एका गावात मुक्काम, शिमल्याला एक दिवस उशिरा. आमच्या मागच्या गाडीतली पुण्याची पोरं फोनवर रडकुंडीला आली होती, त्यांचं विमान चुकणार होतं. आम्ही दशमी खात बसलो होतो. कोरा दिवस पहिला, तिथं खर्ची पडला. दुसऱ्याची गरजच पडली नाही. तो आम्ही शिमल्यात देवदारांखाली बाकावर बसून घालवला, काहीही न करता. लग्नाला अकरा वर्षं झाली. असा दिवस याआधी आमच्या वाट्याला आला नव्हता.

चंद्रताल राहिलं, त्याची रुखरुख आहे. हे तुमच्यापासून लपवत नाही. सूनबाईनं फोटो अजून तसाच ठेवला आहे.

चोवीसला रात्री घरी पोचलो. शेंगा पिवळ्या झाल्या होत्या, पण तडकल्या नव्हत्या. सध्या कापणी चालू आहे, मंगळवारी थ्रेशर आहे. बुधवारी संध्याकाळी कोट घेऊन येतो. धुतलेला आहे, डांबरगोळ्यांचा वास गेला म्हणून रागावू नका. तुम्ही मागितलेले निवजे, म्हणजे चिलगोजे, पिओच्या बाजारातून आणले आहेत. भाव ऐकून हात मागे घेतला होता, पण घेतले. दात नाहीत म्हणता, तर सूनबाई सोलून, कुटून देईल.

तुमचा,
तीन दाण्यांवर राहणारा पुतण्या