रंग नाही म्हणजे क्लोरीन नाही, असं समजून मुलांना पाण्यात सोडल्याबद्दल तक्रार

दि. १८ जून २०२५, पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
जलतरण तलाव देखभाल विभाग

विषय : शॉक (एकदम जास्त क्लोरीन टाकणं) दिल्यानंतर पाण्याची चुकीची तपासणी करून तलाव सुरू केल्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीच्या तलावाची देखभाल वर्षभराच्या कराराने तुमच्याकडे आहे. मी तलाव समितीची सदस्य आहे आणि कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझी नऊ वर्षांची मुलगी रविवारी सकाळी त्या पाण्यात होती.

पावसानंतर पाणी हिरवट झालं होतं, भिंतींवर शेवाळ धरलं होतं. त्यामुळे शनिवारी, १४ जूनला रात्री शॉक द्यायचा हा निर्णय बरोबरच होता. तुमच्या माणसाने ६५ टक्क्यांचं दाणेदार क्लोरीन ५ किलो टाकलं. आमचा तलाव दीड लाख लिटरचा. एका किलोने त्यात साधारण ४ पीपीएम (लिटरमागे ४ मिलिग्रॅम) क्लोरीन वाढतं, म्हणजे पाच किलोने २० च्या वर. हेही जरा जास्तच झालं, पण पुरेसा वेळ दिला असता तर उतरलं असतं.

खरी चूक रविवारी सकाळी साडेसहाला झाली. त्याने नळीत पाणी घेऊन डीपीडीची गोळी टाकली; क्लोरीन असेल तर तिने पाणी गुलाबी होतं. पाण्याला रंग आला नाही. "मॅडम, बघा, क्लोरीन शून्य. रात्रीत सगळं उडालं," असं तो नंतर मला म्हणाला. त्या समजुतीने त्याने आणखी २ किलो क्लोरीन टाकलं. पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) तपासायच्या नळीत फिनॉल रेड हा रंग बदलणारा द्राव जांभळा दिसला, म्हणजे पीएच वाढला असं समजून वर १० लिटर ॲसिड ओतलं, तेही क्लोरीन टाकलं त्याच कोपऱ्यात. हायपोक्लोराइट, म्हणजे हेच दाणेदार क्लोरीन, आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, हे तुमच्या कंपनीत त्याला कोणीच सांगितलं नव्हतं का? साडेसातला १४ मुलांची बॅच पाण्यात उतरली.

पंधरा मिनिटांत मुलं डोळे चोळत काठावर आली. मुलीचे डोळे लालबुंद झाले होते. तिचा निळा स्विमसूट खांद्यापाशी तपकिरी पडला आहे, तो मी जपून ठेवला आहे.

मुलांना बाहेर काढून साध्या पाण्याने आंघोळ घालायला लावली आणि मी त्याच्याच तपासणीच्या डब्यातून पुन्हा तपासणी केली. नळीत गोळी चुरली, क्षणभर तळाशी गुलाबी धूर उठल्यासारखा दिसला आणि लगेच विरून गेला. सगळी मेख इथेच आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर ते डीपीडीचा गुलाबी रंगच खाऊन टाकतं. नळीतलं पाणी रंगहीन दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, क्लोरीन नाहीच. फिनॉल रेडचंही तसंच होतं. जास्त क्लोरीनमुळे ते जांभळं पडतं आणि पीएच वाढलेला नसतानाही वाढलेला दिसतो. एकाच कारणाने दोन्ही नळ्या फसवतात, आणि तुमचा माणूस दोन्ही वेळा फसला.

मग एक भाग तलावाचं पाणी आणि नऊ भाग बाटलीबंद पाणी असं मिसळून गोळी टाकली. रंग २.५ च्या खुणेशी जुळला. दहाने गुणलं की २५ पीपीएम. पोहण्यासाठी तुमच्याच करारात १ ते ३ लिहिलं आहे. कॉलेजातून आणलेल्या मीटरवर पीएच ६.८ आला.

तलाव तेव्हाच बंद केला. ढगाळ हवेमुळे क्लोरीन उतरायला तीन दिवस लागले. वॉचमन दिवसभर पंप चालू ठेवत होते आणि मी सकाळ-संध्याकाळ पाणी तपासत होते. क्लोरीन आज सकाळी २ वर आलं आणि पीएच वाढवणारी सोडा ॲशची पूड घातल्यावर तो ७.४ झाला. हे काम तुमचं होतं.

त्या मुलावर माझा राग नाही. विशीतला, कष्टाळू पोरगा आहे, आणि मी पाणी मिसळून दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तुम्ही त्याच्या हातात डबा दिला, पण नळीत रंग आला नाही तर काय समजायचं हे शिकवलं नाही. त्याला कामावरून काढून ही तक्रार मिटवू नका. त्याला शिकवा.

शॉकनंतर पाणी पातळ करून तपासायची पद्धत तुमच्या सगळ्या माणसांना शिकवावी आणि आमच्या नोंदवहीत "ओके" ऐवजी आकडे लिहावेत. सहा तासांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे ३ च्या आत आल्याशिवाय बॅच सोडू नये. ॲसिड आणि क्लोरीन वेगवेगळ्या जागी ठेवावं. बंद राहिलेले दिवस करारात वाढवून द्यावेत आणि डॉक्टरकडे न्यावं लागलेल्या मुलांचा खर्च भरून द्यावा. पावत्या सोबत जोडल्या आहेत.

सात दिवसांत लेखी उत्तर हवं आहे. तोवर तलावाच्या फाटकाला कुलूप राहील. किल्ली माझ्याकडे आहे.

आपली,
सदस्य, तलाव समिती