'सेंड' म्हणजे नक्की कोणी पाठवायचे?

महोदय,

आपल्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी व्याकरणाचे सदर सुरू झाले आहे. पहिल्याच दिवशी बारा काळांचा तक्ता छापलात. माझ्या नववीतल्या नातीने तो कापून कपाटाच्या दाराला चिकटवला आणि दोन दिवसांत तोंडपाठ केला. तिसऱ्या दिवशी मी विचारले, "'मला दोन भाऊ आहेत' हे इंग्रजीत सांग बघू." म्हणाली, "आय ॲम टू ब्रदर्स, आबा." तक्त्यात काही चूक नाही, पोरगीही हुशार आहे. मग घोडे पेंड कुठे खाते?

मी इंग्रजीचा मास्तर नव्हे. इथल्याच एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, डिस्पॅचला (माल पाठवण्याच्या खात्यात) २८ वर्षे काढली. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत हातात पडायची. २००० सालापासून ती पहिलीपासून आली, तरी वाक्य अडते ते त्याच जागी, जिथे माझे अडले होते.

माझे अडले १९९७ साली. चेन्नईच्या एका गिऱ्हाइकाने आमच्या हाऊसिंगमध्ये (यंत्राच्या ओतीव कवचात) ब्लो होल, म्हणजे ओतताना हवेने पडलेले भोक, निघाल्याची तक्रार केली होती. आम्ही सुधारून नवा नग ओतला. मला कळवायचे होते, 'उद्या सॅम्पल पाठवतो, तपासून कळवा.' मी फॅक्स केला : 'टुमारो सेंड सॅम्पल. चेक अँड इन्फॉर्म.' स्वतःवर खूश होऊन चहाला गेलो. चार-पाच दिवसांनी ट्रान्सपोर्टने एक खोके आले. उघडून बघतो तर आमचेच भोकवाले हाऊसिंग! त्यांनी माझा फॅक्स हुकूम म्हणून वाचला होता आणि इमानेइतबारे नमुना पाठवला होता. तोवर आमचा नवा नगही तिकडे पोचलेला. दोन्हीकडची मंडळी एकमेकांच्या सॅम्पलकडे बघत बसली. मालकांनी मला काय ऐकवले ते छापण्यासारखे नाही.

आमच्या हेडक्लार्कनी मात्र खुर्ची ओढून मला शेजारी बसवले. म्हणाले, "'पाठवतो' म्हटले की 'मी' किंवा 'आम्ही' त्यातच बसलेला असतो, वेगळा सांगावा लागत नाही. 'सेंड'मध्ये कोणीच बसलेले नाही. पुढे कर्ता नाही ठेवलास, तर समोरचा म्हणतो, हे मलाच सांगतायत." व्याकरणाचा एवढा उपयोगी धडा मला शाळेत मिळाला नव्हता.

तेव्हापासून मी या गोष्टीकडे बघतोय. आपल्या क्रियापदाच्या शेपटीत बरेच काही असते. 'येतो', 'येतेस', 'येतात' : कोण, एक की अनेक, बाई की पुरुष, यातले बरेचसे कळते. (आमच्याकडे बायकाही 'मी येतो' म्हणतात आणि पुण्याचे पाहुणे चमकतात, तो भाग सोडा.) इंग्रजीत आय कम, यू कम, वुई कम, दे कम. फक्त 'ही', 'शी', 'इट'ला एक 'एस' चिकटतो, बस्स. म्हणून तिथे कर्ता तोंडाने सांगावाच लागतो. इतका, की कर्ता नसला तरी एक उभा करायचा. आपण 'पाऊस पडतोय' म्हणून मोकळे होतो, ते 'इट इज रेनिंग' म्हणतात. हा 'इट' कोण, हे विचारू नये.

नामांचेही तेच. 'रामाने रावणाला मारले' हे वाक्य कसेही फिरवा, 'रावणाला मारले रामाने' म्हणा, रावणच मरतो, कारण 'ने' आणि 'ला' चिकटलेले आहेत. इंग्रजीत 'राम किल्ड रावण' उलटवले की रामायणच उलटे झाले. तिथे प्रत्ययाचे काम जागा करते : क्रियापदाच्या आधी करणारा, नंतर ज्याच्यावर झाले तो. जुन्या इंग्रजीत नामांनाही असे प्रत्यय होते, पुढे शतकानुशतके ते झिजत गेले. 'ही' आणि 'हिम', 'आय' आणि 'मी' (आपला मराठी 'मी' नव्हे, इंग्रजीतला 'मला'वाला me) ही त्यातली उरलेली जोडपी. हे मुलांना सांगितले तर 'इंग्रजीत असे का?' याला 'पाठ कर' यापलीकडे एक उत्तर मिळेल.

आता नातीचे दोन भाऊ. 'मला' म्हटले की पोरे 'आय' लिहितात आणि 'आहे' दिसले की 'ॲम'. 'मला माहीत आहे'चे 'आय ॲम नो' होते ते असेच. पण मराठीत 'मला दोन भाऊ आहेत' याचा कर्ता भाऊ आहेत, म्हणून तर 'आहेत'. 'मला आंबा आवडतो' यात कर्ता आंबा. 'कैरी' म्हणा, लगेच 'आवडते' होते. इंग्रजीत ही 'मला'वाली माणसे उठून कर्त्याच्या खुर्चीत बसतात : आय हॅव, आय नो, आय लाइक. हा बदल मराठी वाक्य उकलल्याशिवाय कळायचाच नाही, आणि मराठी वाक्य उकलायला इंग्रजीच्या तासाला बंदी असल्यासारखे वागतात.

लांब वाक्याला मी मुलांना भेळ देतो. 'रंकाळ्याच्या काठावरच्या गाडीवरची भेळ.' आपण तळ्यापासून चालत निघतो आणि भेळ शेवटी हातात येते. इंग्रजीत आधी भेळ, मग गाडी, मग काठ, मग रंकाळा. गल्लीतली चार पोरे संध्याकाळी माझ्याकडे येतात, त्यांना हे एकदा सांगितले, पुन्हा सांगावे लागले नाही. 'डज ही गोज'चेही तसेच. 'एस' हा एकच बिल्ला आहे, 'डज'ने लावला की 'गो'ला मिळत नाही. 'द' कुठे लावावा याबद्दल मी गप्प बसतो. तो मला अजून वश झालेला नाही.

तेव्हा विनंती अशी, की बारा काळ महिनाभर थांबवा. त्या चौकटीत रोज एकच मराठी वाक्य छापा, शक्यतो घरातले किंवा दुकानातले, आणि त्यात कर्ता कुठे दडलाय तो मुलांना शोधायला लावा. इंग्रजी वाक्य दुसऱ्या दिवशी द्या. वाक्ये कमी पडली तर माझ्याकडे फॅक्सच्या कच्च्या मजकुरांची जाड वही आहे, लाल शाईच्या दुरुस्त्यांसकट. चेन्नईचा फॅक्स तिच्यात अकराव्या पानावर आहे.

आपला,
एक निवृत्त डिस्पॅच क्लार्क,
राजारामपुरी, कोल्हापूर