चीनच्या आगबोटींमागचा चिनी पैसा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला, चीनच्या किनारी व्यापारातल्या परदेशी पेढ्यांवरचा लेख वाचला. जार्डिन मॅथेसन, रसेल, स्वायर, सगळे आले; १८४२च्या नानकिंग तहाने उघडलेली पाच बंदरंही आली. पण त्या बोटींत माल कोणाचा आणि भांडवल कोणाचं, यावर एक ओळ नाही. मालवाहू जहाजांवर हयात घालवलेल्या मला हे फार खटकलं.

रसेल ही अमेरिकन पेढी. १८६२मध्ये तिने शांघाय स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, तेव्हा भागभांडवलाचा मोठा वाटा चिनी व्यापाऱ्यांनी घातला होता. प्रत्येक पेढीचा एक चिनी कॉम्प्रडोर असे. नोकर नेमायचे, चांदी पारखायची, गिऱ्हाइकाच्या उधारीला स्वतः जामीन राहायचं, हे सगळं त्याच्याकडे. बोटीवरही एक असे. चिनी उतारूंची व्यवस्था तोच बघे.

आणि माल? उत्तरेतल्या न्यूच्वांग बंदरातून सोयाबीनच्या पेंडीच्या जाड, गोल चकत्या दक्षिणेत स्वातौला जायच्या, उसाला खत म्हणून. परतीला तिथलीच साखर उत्तरेकडे. जाता-येता दोन्ही वेळा जहाज भरलेलं! यापेक्षा चांगला मार्ग कुठल्या जहाजवाल्याला हवा असतो? हा व्यापार चिनी व्यापाऱ्यांच्या हातचा. उत्तरेची ही सोयाबीन वाहतूक १८६२मध्ये परदेशी जहाजांना खुली झाली आणि शांघायच्या सपाट तळाच्या गलबतांचा धंदा बसला. त्या गलबतवाल्यांची दखल घ्यायलाच हवी होती.

तांग तिंगशू यांचं नावही लेखात नाही. ते जार्डिनचे कॉम्प्रडोर. चिनी सरकारातले बडे अधिकारी ली होंगझांग यांच्या पुढाकाराने निघालेल्या चायना मर्चंट्स या आगबोट कंपनीची सूत्रं त्यांनी १८७३मध्ये घेतली. चारच वर्षांत, सरकारी पैशाच्या आधाराने, या कंपनीने रसेलच्या बोटी, धक्के आणि गोदामं सुमारे २० लाख ताएलना (ताएल म्हणजे चांदीचं चिनी वजनी चलन) विकत घेतली. ज्यांच्याकडे कालपर्यंत भाडं मोजलं, त्यांचाच ताफा घेतला! शांघायच्या ‘बंड’ या नदीकाठच्या रस्त्यावरची ९ नंबरची इमारत याच कंपनीने बांधलेली आहे.

शेवटी एक दुरुस्ती. चीनमधल्या किनारी वाहतुकीचा हक्क ब्रिटन आणि अमेरिकेने १९४९मध्ये गमावला, असं लेखात छापलं आहे. तो त्यांनी जानेवारी १९४३च्या करारांनीच सोडला होता. पुढच्या अंकात तसा खुलासा यावा, ही विनंती.

कळावे,
एक निवृत्त जहाज अधिकारी