साहेब, दोन नाटकं अजून व्हायची होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आपल्या नाट्यप्रतिनिधींनी राज्य नाट्य स्पर्धेच्या आपल्या केंद्रावरच्या प्राथमिक फेरीचा 'संभाव्य निकाल' चौकटीत दिला आहे, तो वाचला. नाटक पहिलं कुठलं, दुसरं कुठलं, दिग्दर्शन कोणाचं, अभिनयाची रौप्यपदकं कोणाला, सगळं आलं आहे. चौकट सुबक होती, मागे पडद्याचं चित्रही होतं. अडचण एवढीच की स्पर्धेचं वेळापत्रक आपणच छापलं होतं आणि त्याचं कात्रण आमच्या फ्रिजवर अजून चिकटलेलं आहे. त्याप्रमाणे काल सकाळी आपला पेपर दारात पडला तेव्हा दोन नाटकं व्हायची होती. एक काल रात्री झालं, दुसरं आज आहे.

न झालेली नाटकं प्रतिनिधींना आधीच दिसत असतील तर त्यांना नाट्यसमीक्षेत अडकवून ठेवू नका, राशिभविष्य द्या. तसंही ते सदर हल्ली फार ढिसाळ झालं आहे. गेल्या आठवड्यात कन्या आणि तूळ या दोन्ही राशींना शब्दशः एकच मजकूर होता. पण तो विषय वेगळा.

निवडणुकीत शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल छापायला कायद्याने बंदी आहे. तो नियम आपण काटेकोर पाळता, मी स्वतः पाहिलं आहे. का पाळता? ज्यांचं मतदान व्हायचं आहे त्यांच्यावर परिणाम होऊ नये म्हणूनच ना? मग नाटकवाल्यांनी काय घोडं मारलं आहे? परीक्षक बाहेरगावचे असतात, लॉजवर उतरतात आणि सकाळच्या चहाबरोबर जो पेपर मिळेल तो वाचतात. ते चौकट वाचून मार्क देतात असं मी म्हणत नाही, सगळ्यांचा अपमान कशाला करू? पण प्रेक्षक तर वाचतात. मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

प्रतिनिधींनी चौकटीत न्यूयॉर्कच्या टोनी या नाट्यपुरस्कारांचा दाखला दिला आहे, तिथेही असे अंदाज बांधतात म्हणून. बांधतात, पण तिथे आधी नामांकनं जाहीर होतात, मग आठशेच्या वर मतदार मतं देतात आणि नाटकांचे आठवड्याला आठ आठ प्रयोग चाललेले असतात. अंदाज बांधणाऱ्याने सगळी नाटकं पाहिलेली असतात आणि वाचणाऱ्यालाही खिशात पैसे असतील तर उद्या जाऊन बघता येतं. इतकं असूनही २००४ साली 'विकेड' जिंकणार असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं आणि सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा मान 'ॲव्हेन्यू क्यू' घेऊन गेली. इतक्या लांब जायलाही नको. पुण्यात २०२२ साली पुरुषोत्तम करंडक या कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेत परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. ती जिथे होते त्या भरत नाट्य मंदिराबाहेर 'अरे आव्वाज कुणाचा' म्हणून घसा बसवून घेतलेल्या मुलांपैकी एकाच्या तरी अंदाजात 'कोणीच नाही' हे उत्तर असेल का?

आपल्या स्पर्धेत प्राथमिक फेरीला प्रत्येक नाटकाचा एकच प्रयोग होतो. 'महाराष्ट्र शासन, सांस्कृतिक कार्य संचालनालय आयोजित' अशी घोषणा होते, तिसरी घंटा होते, पडदा उघडतो आणि अडीच तासांनी पडतो. पहिल्या दुसऱ्या क्रमांकात आलं नाही तर बहुतेक नाटकं तिथेच संपतात, सेट पुन्हा शाळेच्या अडगळीच्या खोलीत. कित्येक दशकांपासून ही स्पर्धा चालू आहे, आणि त्यात गावोगावची किती नाटकं अशी एकदाच उभी राहून गेली असतील. त्या एका प्रयोगाला माणसं येऊ नयेत अशी व्यवस्था करायला फार काही लागत नाही. सकाळी एक चौकट छापली की पुरते.

हे मी ऐकीव लिहीत नाही. आमची नाटकमंडळी तालुक्याच्या गावची. शाळेतले दोन शिक्षक, एक एसटी कंडक्टर, एक वायरमन (अर्थातच प्रकाशयोजना त्याची), एक अंगणवाडी सेविका आणि पार्श्वसंगीताला मी. एका वर्षी भातकापणीच्या दिवसांत रात्री जेवणं आटोपून शाळेच्या व्हरांड्यात तालमी केल्या. मुख्य भूमिका त्या सेविकेची होती. तिची पाठांतराची पद्धत अशी की अंगणवाडीतली पोरं दुपारी झोपली की ती त्यांच्या अंगावरून हात फिरवत संवाद म्हणायची. एक दोन पोरांना दुसऱ्या अंकातला भांडणाचा प्रवेश पाठ झाला होता, आणि ती घरी जाऊन आईला तसंच बोलायची.

प्रयोगांच्या क्रमात आमचा नंबर शेवटून दुसरा होता. सकाळी टेम्पोत सेट चढवून आम्ही निघालो, दुपारी थिएटरवर पोचलो. रंगभूषा चालू असताना वायरमनने कुठूनसा पेपर आणला आणि मोठ्याने वाचायला लागला. 'यंदा चुरस दोनच संस्थांत.' पेपर कोणता ते लिहीत नाही, आपल्याला कळेल. त्या दोन संस्थांत आम्ही नव्हतो हे सांगायला नको, कारण आमचा प्रयोगच व्हायचा होता. खुर्चीवर अर्धा चेहरा रंगवलेली आमची नायिका ऐकत होती. ती म्हणाली, "बाई, मग आज आपण कोणासाठी करायचं?" मी तिला ओरडले आणि केसांत फुलं नीट लाव म्हणाले. उत्तर माझ्याकडे नव्हतंच.

स्पर्धेला एरवी कोण येतं ते आपल्याला ठाऊक आहे. गावातले जुने नाटकवाले येतात, आधी प्रयोग झालेल्या संस्थांची मुलं दुसऱ्यांचं बघायला येतात, मागच्या रांगेत कॉलेजची पोरं येतात. त्या दिवशी यातलं कोणी आलं नाही. कॅन्टीनमध्ये मी चहा घेत होते तर शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ, मला न ओळखता, मित्राला सांगत होते, "आता काय बघायचं राहिलंय, पेपरात तर आलं सगळं." आणि वडा संपवून दोघं घरी गेले. पडदा उघडला तेव्हा समोर परीक्षकांच्या टेबलावरचा बारका दिवा, तीन माणसं आणि त्यांच्यामागे आमचेच नातेवाईक. विनोदी प्रवेशाला हसायचं ते नातेवाईकांनीच, आणि त्यांना तो व्हरांड्यात बघून बघून पाठ झालेला.

आमचं नाटक पहिलं यायला हवं होतं असं मी आजही म्हणत नाही. पहिला अंक लांबला होता आणि एकदा दिवे चुकले. प्रतिनिधींचा अंदाज बराचसा खरा निघाला. पण शेजारीण न बघता सांगते 'मुलगा होणार', आणि मुलगा झाला म्हणून कोणी तिला डॉक्टर म्हणत नाही. खरा निघाला याचाच मला जास्त राग आहे, कारण पुढच्या वर्षी चौकट दुप्पट झाली.

आणि आता निकालाबद्दल, कारण दोन दिवसांत तो येईलच. त्या वर्षी आमच्या नायिकेला अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. संचालनालयाच्या पत्रकात तिचं पूर्ण नाव होतं, गावासकट. पेपरात नाटकाची पारितोषिकं आली, दिग्दर्शन आलं, रौप्यपदकं आली आणि प्रमाणपत्रांपाशी पहिली दोन नावं देऊन पुढे 'आदींना प्रमाणपत्रे जाहीर' असं लिहून बातमी संपली. तिने गावातल्या टपरीवरून पेपरचे जेवढे अंक होते तेवढे घेतले होते. मला फोन करून विचारलं, "बाई, माझं नाव कुठल्या पानावर आहे?" त्याच पानावर खाली एका मोबाईल दुकानाची केवढी तरी जाहिरात होती. जाहिरातीवर पेपर चालतो हे मला कळतं. पण अंदाजाला चौकट मिळते, पडद्याचं चित्र मिळतं, आणि खऱ्या निकालातल्या दहाबारा नावांना जागा मिळत नाही, हे गणित मला कोणीतरी समजावून द्यावं. ज्यांना काही मिळालेलंच नाही त्यांचं नाव आदल्या दिवशी ठळक अक्षरांत येतं, आणि ज्यांना मिळालं ते गायब.

अंदाज छापूच नका असं माझं म्हणणं नाही. आमच्या घरातही पैजा लागतात, माझे मिस्टर दर वर्षी वडापाव हरतात. फक्त शेवटच्या नाटकाचा पडदा पडल्यावर छापा. निकाल यायच्या आत एक दिवस तरी मधे मिळतो, तेवढा आपल्या प्रतिनिधींना पुरायला हवा. आणि छापताना त्यांनी कोणती नाटकं पाहिली आणि कोणती पाहिली नाहीत तेही खाली लिहावं. कालच्या चौकटीत रंगभूषेचा अंदाज नव्हता, नेपथ्याचा नव्हता, प्रकाशयोजनेचा नव्हता. त्यातलं त्यांना कळत नसेल तर तसं लिहिण्यात कमीपणा नाही.

आज संध्याकाळी सात वाजता जे नाटक आहे त्या संस्थेशी माझा काही संबंध नाही. प्रतिनिधींना वेळ असेल तर तिकीट मी काढून देईन, स्पर्धेचं तिकीट किती असतं ते आपल्याला माहीत आहेच.

निकालाची यादी मात्र या वेळी पूर्ण छापा, प्रमाणपत्रांसकट. आणि नावं तपासून घ्या. मागच्या वर्षी रंगभूषेचं पारितोषिक मिळालेल्या बाईंना आपण 'श्री.' करून टाकलं होतं, आणि दुरुस्ती आठ दिवसांनी हवामानाच्या खाली छापली होती.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव छापू नये, आमच्या मंडळींना पुढच्या वर्षी पुन्हा उतरायचं आहे.)