मृगाच्या आधी शाळा शाकारा

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. धंदा वायरमनचा, परवाना सरकारचा, आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत आहे. समितीत वायरमन असला की पंचक्रोशीतल्या सगळ्या शाळांचे पंखे फुकटात दुरुस्त होतात, हे मला निवडून देताना कुणी बोललं नव्हतं. तक्रार नाही. पण त्या निमित्ताने बऱ्याच शाळांचे स्विचबोर्ड उघडून पाहिले, आणि जे पाहिलं त्यावरून हे पत्र लिहितो आहे.

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या बाईंची काही चूक नव्हती. शाळा सुरू होऊन चौथा दिवस, बाहेर धो धो पाऊस. बाईंचा फोन आला, ‘बोर्डातून चर्र आवाज येतोय आणि जळका वास सुटलाय.’ मी पोचलो तोवर त्यांनी मेन बंद करून मुलांना व्हरांड्यात बसवलं होतं. बोर्ड उघडला. आत मुंग्यांनी माती भरलेली, भिंतीतून ओल उतरलेली, आणि पंख्याच्या वायरीला पूर्वी कधीतरी दिलेला जोड काळा ठिक्कर पडलेला. जोडावर टेप नव्हती, प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली होती. काही जळलं नाही, कुणाला लागलं नाही, त्यामुळे कुठे नोंदही झाली नाही. मला भीती वाटली ती नंतर, वर्गाचं मागचं दार उघडायला गेलो तेव्हा. पावसाने लाकूड फुगून दार चौकटीत घट्ट बसलं होतं. आम्ही दोघांनी खांदे लावले तेव्हा ते हललं. दुसरीतल्या पोरांनी ते कसं उघडलं असतं?

हे दोन्ही दोष एप्रिलमध्येही तिथेच होते. बोर्डातली मुंग्यांची माती उन्हाळ्यात हाताने झाडता आली असती. दार रंध्याखालून काढायला सुताराला अर्धा दिवस पुरला असता. पण मे महिन्यात शाळेला कुलूप होतं, चावी गुरुजींकडे, आणि गुरुजी गावी.

आमच्याकडे घर शाकारायची एक वेळ असते. मृग लागायच्या आत माणसं छपरावर चढतात, फुटकी कौलं बदलतात, वासे-रिपा ठोकून बघतात, पन्हळी झाडतात. मुंबईचा चाकरमानी मे महिन्यात येतो तो आंबे खायलाही आणि शाकारणीला हात लावायलाही. एकदा पाऊस सुरू झाला की कौलावर पाय ठेवता येत नाही हे लहान पोरालाही ठाऊक असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेची वायरिंग, खिडक्या, दारं, आग विझवायची साधनं, सगळं याच शाकारणीत धरा. आज ते सुट्टीतल्या कुठल्याच वेळापत्रकात नाही.

आता कायद्याकडे येतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. त्यात इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगीची साधनं चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यायचं आहे, जानेवारीत आणि जुलैत. कारखान्याला किंवा हॉटेलला हे महिने चालतात, तिथे वर्षभर सारखंच काम असतं. शाळेचं तसं नाही. आमच्या शाळा जूनच्या मध्याला भरतात. म्हणजे जानेवारीत तपासलेल्या साधनांवर आपण मुलांना पावसाळ्यात आत घेतो आणि जुलैत, वर्ग भरलेले असताना, पुन्हा तपासायला निघतो. मधले सहा आठवडे इमारत रिकामी असते तेव्हा कुणी फिरकत नाही. आग विझवायचे सिलिंडर रिफिलिंगला नेले की तालुक्याहून परत यायला चार-आठ दिवस जातात. जुलैत नेले तर ते आठ दिवस भिंतीवर नुसते खिळे आणि खाली शिकणारी पोरं.

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली. ती गवताच्या छपराला भिडली आणि ९४ मुलं गेली. त्या प्रकरणानंतर दाखल झालेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ ला निकाल दिला. सुरक्षित शाळेत शिकायला मिळणं हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असं त्यात मानलं, आणि शाळांत आग विझवण्याची साधनं ठेवायचे आदेश दिले. साधनं आली. आमच्याही शाळेत ऑफिसच्या दाराशी लाल सिलिंडर आहे. त्याच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की लाल, हे बघायला मी वाकलो तेव्हा शिपाईमामा म्हणाले, ‘त्याला हात लावू नका, ऑडिटला दाखवायचाय.’

हसण्यावारी नेऊ नका, त्यांचंही खरं आहे. सिलिंडरमधली आग विझवायची पावडर वर्षानुवर्षं एकाच जागी उभी राहिली की तळाशी दडपून घट्ट होते, आणि काटा हिरव्यात असूनही खटका दाबल्यावर पुरेशी बाहेर येत नाही. हे शिपाईमामांना कुणी सांगितलंय का? आणि तालुक्याहून बंब यायला चाळीस मिनिटं लागतात अशा गावात पहिली पाच मिनिटं शिपाईमामा, बाई आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांच्याच हातात असतात.

हवेचा मुद्दा लोकांना आगीपासून वेगळा वाटतो, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. जुन्या शाळा बांधणाऱ्यांना अक्कल होती. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, समोरासमोर खिडक्या आणि वर झरोके. गरम हवा वर जाऊन झरोक्यातून आणि कौलांच्या फटींतून निघून जायची. आग लागली तर धूरही तिकडूनच जातो, कारण धूर आधी वर चढतो. वर वाट मिळाली नाही की तो छतापासून भरत भरत खाली येतो. बसलेल्या मुलाचं नाक जमिनीपासून किती उंचीवर असतं ते बघा, म्हणजे झरोका उघडा असला तर किती वेळ हाताशी राहतो ते कळेल.

मग आम्ही शाळा सुधारल्या. कौलांतून धूळ पडते म्हणून खाली पीव्हीसीच्या पट्ट्यांचं सिलिंग आलं. ते पेटलं की धूर विषारी, आणि त्याच्या वरून नेलेली वायर कुणाला दिसत नाही. कबुतरं आणि वटवाघळं येतात म्हणून झरोक्यांवर जुने फ्लेक्स ठोकले. त्यातले काही निवडणुकीचे आहेत, कुठल्या पक्षाचे ते सांगत नाही. मग डिजिटल वर्ग आला. पडद्यावर उजेड पडतो म्हणून एका बाजूच्या खिडक्या कायमच्या बंद झाल्या, वर नायलॉनचे जाड पडदे लागले. संगणक चोरीला जातील म्हणून उरलेल्या खिडक्यांना पक्क्या जाळ्या बसल्या. प्रत्येक कामामागे चांगलाच हेतू होता. सगळी एकत्र झाली तेव्हा चाळीस मुलांची खोली डब्यासारखी बंद झाली. हवा कोंडते, पोरं पेंगतात, आणि एकच दार उरतं.

डिजिटल वर्गाचा भार वायरिंगवर किती पडला तेही कुणी मोजलं नाही. दोन ट्यूब आणि दोन पंख्यांसाठी ओढलेल्या वायरीवर प्रोजेक्टर, संगणक, प्रिंटर आणि पाण्याचा फिल्टर चालतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून कुणीतरी त्यात जाड तार घालतो. मग फ्यूज जात नाही, त्याच्या आधी वायर तापते. एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडणारा खटका, वायरीच्या जाडीप्रमाणे हवा. विजेची गळती झाली की लाइन तोडणारं तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी हवं, त्याला दोन-अडीच हजार रुपये पडतात. आणि अर्थिंग दर उन्हाळ्यात मोजून घ्यायला हवं. कोकणात जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो, म्हणून मे महिन्यात अर्थिंग चांगलं आलं तर वर्षभर काळजी नाही. पावसात मोजलं तर नापास अर्थिंगही पास होतं.

आणि बॅटऱ्या. लोकवर्गणीतून किंवा कंपन्यांच्या देणगीतून अनेक शाळांत सोलर किंवा इन्व्हर्टर आले. त्यांच्या शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या चोरी होऊ नयेत म्हणून बिनखिडकीच्या अडगळीच्या खोलीत ठेवतात, शेजारी जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि गॅदरिंगचं सामान. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो हवेत चार टक्क्यांवर गेला की एका ठिणगीने पेटू शकतो, आणि हलका असल्याने छताखालीच साठतो. त्या खोलीला छतालगत एक जाळीचा झरोका पाडायला गवंड्याला दीड दिवस लागतो. तो शाळा चालू असताना पाडता येत नाही, कारण धूळ, छिन्नी आणि पोरं एकत्र नकोत.

रंगाचंही तसंच. गेल्या वर्षी एका शाळेत जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑइल पेंट मारला आणि पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद ठेवल्या. पोरांची डोकी दुखली. मे महिन्यात मारला असता तर उन्हाने वास कधीच उडाला असता.

आता पैशाचं. समग्र शिक्षातून संयुक्त शाळा अनुदान येतं, साधारण शंभर पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला २५ हजार, अगदी कमी पटाला त्याहून कमी. त्यातच खडू, वीजबिल, स्वच्छता आणि दुरुस्ती. रक्कम तोकडी आहे हे खरं, पण मला जास्त खटकते ती तिची वेळ. आमच्या शाळेच्या खात्यात ती मार्चच्या तोंडावर पडली आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाका असं सांगण्यात आलं. मार्चमध्ये परीक्षांची तयारी, गवंडी दुसऱ्यांकडे अडकलेला. मग काय होतं? खुर्च्या आणि लिहायचे फळे विकत घेतले जातात, कारण ते एका दिवसात येतात आणि बिल मिळतं. अर्थिंग, झरोका, रंध्याखालचं दार ही कामं मे महिन्याची, आणि मे महिन्यात खातं रिकामं. कोकणात मे महिन्यात कारागीर मिळणं कठीण असतं, सगळ्या गावाची शाकारणी एकदम निघते. त्याला मार्चमध्येच सांगून ठेवावं लागतं. पैसे येतील की नाही तेच माहीत नसताना कोण कुणाला सांगून ठेवणार?

म्हणून मागणं असं आहे. १ मेला निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस इमारत दुरुस्तीसाठी मोकळी आहे असं शाळेच्या वार्षिक नियोजनातच छापा. त्या पंधरवड्यात लग्नाचा जानवसा, शिबिर, प्रशिक्षण, काही देऊ नका. जानवसा तर नकोच. व्हरांड्यात चूल पेटते आणि मांडवाची वायर आमच्या बोर्डात खुपसली जाते, अशी वायर मी स्वतः काढलेली आहे. सुरक्षेच्या दुरुस्तीची रक्कम वेगळी ठेवून ती एप्रिलमध्ये द्या, हिशेब जूनअखेर मागा. आगीचा कायदा नगरविकास विभागाकडे असल्याने जुलैचं प्रमाणपत्र शाळांपुरतं शाळा भरायच्या आधी घ्यायची तजवीज त्या खात्याशी बोलून करावी लागेल. ते आपण बोललात तर होईल, मी बोललो तर होणार नाही. विदर्भाला वेगळं वेळापत्रक द्या. तिथे शाळा जूनच्या अखेरीस भरतात, पाऊस उशिरा येतो आणि मे महिन्याच्या दुपारी छपरावर माणूस चढवणं हाच अपघात ठरेल.

जे गुरुजी किंवा बाई या कामासाठी सुट्टीत थांबतील त्यांच्या अर्जित रजेचा आदेश आधीच काढा. नाहीतर रजा जमा करून घ्यायला त्यांना पुढचं वर्षभर पंचायत समितीचे जिने चढावे लागतात, आणि पुढच्या मे महिन्यात चावी देणारं कुणी राहत नाही. चावीवरून आठवलं, प्रत्येक वर्गाच्या एका तरी खिडकीची जाळी आतून कडी काढून उघडणारी करा, कुलूप न लावता. चोराची भीती मलाही आहे. पण चोर संगणक नेतो.

शहरातल्या चार-पाच मजली शाळांबद्दल मी लिहीत नाही. तिथले जिने, चॅनल गेट आणि लिफ्ट बघणारी माणसं माझ्यापेक्षा जाणती आहेत.

आमच्या समितीची बैठक मार्चच्या पहिल्या शनिवारी आहे, विषय क्रमांक एक ‘सुट्टीतील कामे’. तोवर आपलं परिपत्रक आलं तर बैठकीत वाचून दाखवू. नाही आलं तरी २ मेला सकाळी टेस्टर, मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि झाडू घेऊन मी शाळेत जाणार आहे. गुरुजी १ मेच्या रात्रीच्या गाडीने गावी निघणार असं कळलंय, त्याआधी त्यांच्याकडून चावी घेऊन ठेवतो.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक, धंद्याने वायरमन
जिल्हा रत्नागिरी